पत्ता फुकट, हमी विकतची

२९ एप्रिल २०१७ रोजी तुर्कस्तान सरकारने विकिपीडियाच्या सगळ्या भाषांमधल्या आवृत्त्या देशात बंद केल्या. हे करणं फार अवघड नव्हतं. विकिपीडियाला ठरलेलं नाव आहे, ते नाव ठरलेल्या सर्व्हरकडे घेऊन जातं, आणि देशातल्या इंटरनेट कंपन्यांना ती वाट अडवायला सांगितली की काम भागतं. काही दिवसांतच, मे महिन्याच्या सुरुवातीला, आयपीएफएस नावाच्या प्रकल्पातल्या मंडळींनी तुर्की विकिपीडियाची एक प्रत वेगळ्याच जातीच्या जाळ्यात सोडली. ती प्रत कुठल्या एका सर्व्हरवर राहत नव्हती. ज्याच्या संगणकावर ती असेल तो ती पुढे देऊ शकत होता, आणि मागणाऱ्याला ती कोणाकडून मिळते याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. प्रत गोठलेली होती, तिच्यात नवी भर घालता येत नव्हती, पण वाचता येत होती. बंदी पुढे पावणेतीन वर्षं टिकली. तुर्कस्तानच्या घटनात्मक न्यायालयाने ती अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग ठरवल्यावर जानेवारी २०२० मध्ये उठली.

अशा जाळ्यात फाइल टाकायची किंवा तिथून काढायची तर प्रोग्रामर काय करतो? तो लायब्ररी वापरतो. दुसऱ्या कोणीतरी लिहून, तपासून ठेवलेला कोड आपण आपल्या प्रोग्रामात बोलावतो, त्याला लायब्ररी म्हणतात. जाळ्यातले अनोळखी संगणक शोधणं, त्यांच्याशी जोडणी करणं, फाइलचे तुकडे पाडणं, ते पुन्हा जुळवणं ही सगळी कटकट ती पोटात घेते आणि आपल्या हाती दोन-चार सोप्या आज्ञा ठेवते. सोय मोठी आहे, यात वाद नाही. पण माझ्या मते या विषयातल्या बहुतेक गैरसमजांचं मूळही याच सोयीत आहे. एका ओळीत ‘ही फाइल घे’ म्हटलं, पुढच्या क्षणी उत्तर आलं, की माणूस समजतो फाइल साठवली गेली. प्रत्यक्षात त्याला फक्त पत्ता मिळालेला असतो.

अशा साठवणुकीची गोष्ट निघाली की ब्लॉकचेनचं नाव येतंच. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांनी मिळून सांभाळलेली सामाईक नोंदवही. मुळात फाइल सरळ तिच्यावरच का ठेवत नाहीत, हे आधी बघू. हिशेब कागदावर करता येण्याजोगा आहे. इथेरियम या ब्लॉकचेनवर कायमस्वरूपी जागा ३२ बाइटच्या खणांत मिळते, आणि एक कोरा खण भरायला किमान २० हजार एकक ‘गॅस’ खर्ची पडतो. गॅस म्हणजे त्या जाळ्यावर काम करून घेण्याचं मोजमाप. मोबाइलवर काढलेला एक एमबीचा फोटो घेतला तर त्याचे ३२,७६८ खण होतात आणि गॅस लागतो साडेपासष्ट कोटी. २०२१ च्या उत्तरार्धापासून २०२४ अखेरपर्यंत इथेरियमच्या एका ब्लॉकमध्ये, म्हणजे नोंदींच्या एका गठ्ठ्यात, जास्तीत जास्त तीन कोटी गॅस मावत असे. म्हणजे सगळ्या जगाचे व्यवहार थांबवून लागोपाठ बावीस ब्लॉक आपल्या एका फोटोला द्यावे लागले असते. लग्नाचा अल्बम ठेवायचा विचारच नको.

म्हणून मधला मार्ग निघाला. फाइल बाहेर ठेवायची आणि तिचा ठसा, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेली छोटी ओळखखूण, तेवढा ब्लॉकचेनवर नोंदवायचा. एसएचए-२५६ या पद्धतीने कुठल्याही फाइलचा, मग ती दोन ओळींची चिठ्ठी असो की तीन तासांचा चित्रपट, २५६ बिटांचा ठसा निघतो. २५६ बिट म्हणजे बरोबर ३२ बाइट, इथेरियमचा नेमका एक खण. ही फाइल बाहेर कुठे आणि कशी ठेवायची, इथे आयपीएफएस, फाइलकॉइन, स्टॉर्ज, आरवीव्ह वगैरे मंडळी प्रवेश करतात.

आयपीएफएसची कल्पना हुआन बेनेट यांनी २०१४ मध्ये मांडली आणि त्यांच्या प्रोटोकॉल लॅब्ज या कंपनीने ती उभी केली. कल्पना अशी की फाइलला तिच्या जागेवरून नाही, तर तिच्या मजकुरावरून ओळखायचं. ‘अमक्या सर्व्हरच्या तमक्या फोल्डरमधली फाइल दे’ असं म्हणायचं नाही. ‘हा ठसा असलेली फाइल ज्याच्याकडे असेल त्याने दे’ असं म्हणायचं. या ठशावरून बनलेल्या पत्त्याला सीआयडी म्हणतात. आपल्याकडे हे नाव ऐकून पोलिस खातं आणि टीव्हीवरची मालिका आठवणारच, त्याला इलाज नाही.

जावास्क्रिप्टमध्ये काम करणारा आज हेलिया नावाची लायब्ररी घेतो. तिच्याआधी जेएस-आयपीएफएस होती. ती २०२३ मध्ये बाजूला पडली आणि हेलिया तिच्या जागी आली. गो भाषेत लिहिलेला कुबो हा पूर्ण प्रोग्राम आहे. तो संगणकावर चालू ठेवायचा आणि आपल्या कोडमधून लायब्ररीमार्फत त्याच्याशी ५००१ क्रमांकाच्या पोर्टवर बोलायचं. (हे पोर्ट बाहेरच्या जगाला उघडं ठेवू नका. ज्याला ते सापडेल तो तुमच्या कुबोला हुकूम सोडू शकतो.) दोन्हींत मुख्य आज्ञा दोनच, ‘अ‍ॅड’ आणि ‘कॅट’. पहिलीने फाइल आत जाते आणि सीआयडी हाती येतो, दुसरीला सीआयडी दिला की फाइल बाहेर येते.

‘अ‍ॅड’ म्हटल्यावर आत काय होतं ते पाहण्यासारखं आहे. लायब्ररी फाइलचे ठरावीक मापाचे तुकडे करते, प्रत्येक तुकड्याचा ठसा काढते, मग या ठशांची यादी करून त्या यादीचाही ठसा काढते. फाइल फार मोठी असली तर याद्यांचीही यादी होते, आणि सगळ्यांत वरच्या यादीचा ठसा हा फाइलचा पत्ता. आता गंमत अशी की कुबोचा वर्षानुवर्षांचा रिवाज २५६ किलोबाइटचे तुकडे पाडण्याचा, आणि हेलिया न सांगता एक एमबीचे तुकडे पाडते. एकच फोटो, एक बिटही बदललेलं नाही, दोन लायब्रऱ्यांतून टाकला तर दोन वेगळे पत्ते मिळतात. फाइलचा ठसा म्हणजे तिचा पत्ता, असं सोपं करून सांगणारी पुस्तकं इथे वाचकाला फसवतात. पत्ता फाइलचा तर असतोच, शिवाय ती ज्या रीतीने कापली त्या रीतीचाही असतो. दोन गटांनी एकमेकांच्या फाइली पडताळायच्या असतील तर कापण्याचं माप आधी ठरवून घ्यावं लागतं.

मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एक फाटा फुटतो. ‘दुसऱ्या’ हा शब्द टंकताना काही कळफलक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त वापरतात. काही जण साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, छापले तरी सारखेच. पण युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत पहिला शब्द २१ बाइटचा होतो आणि दुसरा २४ बाइटचा. संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी लिखाणं, त्यामुळे ठसे वेगळे, पत्ते वेगळे. एखाद्या ग्रंथालयाने जुन्या पुस्तकांचा टंकलेला मजकूर आयपीएफएसवर टाकला आणि दुसऱ्या ग्रंथालयाने तेच पुस्तक दुसऱ्या कळफलकावर टंकून टाकलं, तर अक्षर न अक्षर सारखं दिसूनही ते जुळणार नाही. उपाय आहे. मजकूर आत टाकण्याआधी तो एकाच ठरावीक रूपात आणायचा. युनिकोडने ठरवून दिलेलं प्रमाणीकरण इथे अर्धंच काम करतं. न दिसणाऱ्या जोडचिन्हाला ते हात लावत नाही. तो नियम आपणच लिहावा लागतो. लायब्ररीला यातलं काही ठाऊक नसतं, आणि असावं अशी अपेक्षाही बरोबर नाही.

पत्ता मिळाला. फाइल कुठे आहे? तुमच्याच संगणकावर. ‘अ‍ॅड’ने ती जगभर कुठेही पाठवलेली नसते. लायब्ररीने जाळ्याला फक्त कळवलेलं असतं की या ठशाची वस्तू माझ्याकडे आहे, हवी तर मागा. ही खबर जाळ्यातल्या काही संगणकांच्या वहीत नोंदली जाते आणि ४८ तासांनी शिळी होते, म्हणून कुबो दर २२ तासांनी ती ताजी करत राहतो. संगणक बंद केला की खबर ताजी होत नाही, फाइल मिळत नाही. हेलियाचं तर पहिल्या धड्यातलं उदाहरण जसंच्या तसं चालवलं, तर फाइल डिस्कवरही जात नाही, फक्त मेमरीत राहते. प्रोग्राम संपला की पत्ता तुमच्या वहीत उरतो आणि त्या पत्त्यावर काहीच नसतं. डिस्कवर ठेवायचं असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं. दुसऱ्याची फाइल आपण पाहिली तर तिची प्रत आपल्याकडे येते खरी, पण ती पाहुणी म्हणून. जागा मोकळी करण्याची वेळ आली की ‘पिन’ न केलेलं, म्हणजे ‘हे ठेवून दे’ असं न सांगितलेलं, सगळं पुसलं जातं.

नवशिका सगळ्यांत जास्त गोंधळतो तो ‘कॅट’ पाशी. नेहमीच्या वेबवर नसलेलं पान मागितलं तर सर्व्हर ताबडतोब ‘४०४, सापडलं नाही’ म्हणतो. तसं म्हणायचा त्याला अधिकार असतो, कारण त्या पत्त्याचा मालक तोच. आयपीएफएसमध्ये पत्त्याला मालक नाही. मग ‘ही फाइल जगात नाही’ असं सांगणार कोण? आता जोडलेल्या कोणाकडे नसेल, पण दहा मिनिटांनी जागा होणाऱ्या एखाद्या लॅपटॉपवर असू शकेल. म्हणून लायब्ररी नकार देत नाही. ती शोधत राहते, आणि आपला प्रोग्राम तोंड उघडून वाट पाहत बसतो. अनुभवी माणूस ‘कॅट’च्या सोबत मुदत देतो, इतक्या सेकंदांत मिळाली नाही तर सोडून दे म्हणतो. ही मुदत न घातलेला कोड स्वतःच्या यंत्रावर चाचणीत मस्त चालतो आणि लोकांच्या हाती गेला की गोठतो.

ही अडचण टाळायला बहुतेक अ‍ॅप थेट जाळ्यात शिरतच नाहीत. ती गेटवे वापरतात, म्हणजे साध्या वेब पत्त्यावरून आयपीएफएसमधली फाइल काढून देणारा सर्व्हर. क्लाउडफ्लेअरने असा गेटवे २०१८ मध्ये सुरू केला. ब्रेव्ह ब्राउझरने २०२१ मध्ये तर आयपीएफएसचे पत्ते स्वतःच उघडायची सोय दिली. ती २०२४ मध्ये काढून टाकली, कारण वापरणारे फारच थोडे निघाले. गेटवे आला की मधला माणूस आला, आणि मधला माणूस आला की त्याला अडवताही येतं. विकेंद्रित म्हणवणाऱ्या अ‍ॅपमध्ये बघण्यासारखी पहिली जागा हीच. एकाच गेटवेचं नाव कोडमध्ये कायमचं लिहून ठेवलेलं असेल, तर त्या विकेंद्रीकरणाला फारसा अर्थ नाही.

आता हमीकडे वळू. पैसे घेतल्याशिवाय दुसऱ्याचं सामान कोणी वर्षानुवर्षं सांभाळत नाही, आणि पैसे घेऊन सांभाळतोय की नाही हे तपासायचं कसं, हा खरा प्रश्न. ब्लॉकचेनची गरज इथे पडते. प्रोटोकॉल लॅब्जने त्यासाठी फाइलकॉइन काढलं. २०१७ च्या नाणेविक्रीत त्यांनी सुमारे २५ कोटी ७० लाख डॉलर उभे केले, आणि जाळं प्रत्यक्ष सुरू झालं १५ ऑक्टोबर २०२० रोजी. फाइलकॉइनमध्ये साठवणूक करणारा आधी तारण ठेवतो. मग तो फाइल ३२ किंवा ६४ गिगाबाइटच्या मोठ्या खोक्यात भरून गणिती प्रक्रियेने मोहोरबंद करतो. ही प्रक्रिया मुद्दाम जड ठेवली आहे. एकच प्रत ठेवून दहा प्रतींचे पैसे उकळणाऱ्याला बाकीच्या प्रती मागितल्यावर ऐनवेळी बनवता येऊ नयेत, हा त्यातला हेतू. त्यानंतर रोज, चोवीस तासांत एकदा, त्या खोक्यातली माहिती अजून आपल्यापाशी आहे याचा पुरावा ब्लॉकचेनवर द्यावा लागतो. दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे ४८ भाग केलेले आहेत आणि प्रत्येक खोक्याची पाळी ठरलेली आहे. पाळी चुकली की दंड, आणि दंड तारणातून कापला जातो.

मला ही रचना फार हुशारीची वाटते. इथे कोणाच्या सचोटीवर काही सोडलेलं नाही. पण ती हमी मुदतीची आहे. करार किमान १८० दिवसांचा असतो, त्याला संपण्याची तारीख असते, आणि ती उलटल्यावर साठवणाऱ्यावर कसलंही बंधन राहत नाही. शिवाय तो फाइल ‘ठेवल्याचा’ पुरावा देतो, मागितल्याबरोबर ‘परत देण्याचा’ नाही. मोहोरबंद खोकं फोडून फाइल काढणं तासन्‌तासांचं काम होऊ शकतं, म्हणून शहाणा ग्राहक एक उघडी प्रत वेगळी ठेवायला सांगतो. आणि दोन एमबीच्या पीडीएफसाठी ३२ गिगाबाइटचं खोकं कोणी भरत नसल्याने, छोट्या फाइली गोळा करून मोठा गठ्ठा बांधणाऱ्या मध्यस्थ सेवा लागतात. सामान्य प्रोग्रामर प्रत्यक्षात यांचीच लायब्ररी वापरतो. या सेवांचं आयुष्य मात्र बेभरवशाचं. वेब३ स्टोरेजचा जुना मार्ग जानेवारी २०२४ मध्ये बंद झाला; एनएफटी स्टोरेज ही फुकट सेवा त्याच वर्षी जूनअखेर नव्या फाइली घेईनाशी झाली. ज्यांच्या कोडमध्ये यांची नावं होती त्यांना नव्या लायब्ररीवर उड्या माराव्या लागल्या. ज्यांनी सीआयडी नीट जपून ठेवले होते त्यांचं काम सोपं गेलं, कारण सेवा बदलली तरी ठसा बदलत नाही.

याची उलटी बाजू नोव्हेंबर २०२२ मध्ये दिसली. एफटीएक्स हा आभासी चलनाचा बाजार बुडाला. त्याच्यामार्फत बनवलेल्या अनेक एनएफटींची, म्हणजे ब्लॉकचेनवर मालकी नोंदलेल्या डिजिटल वस्तूंची, चित्रं त्याच कंपनीच्या साध्या सर्व्हरवर होती. ब्लॉकचेनवर मालकीची नोंद शाबूत राहिली, आणि चित्राचा दुवा दाबला की दिवाळखोरीच्या कारवाईचं पान उघडू लागलं. लोकांनी ‘ब्लॉकचेनवरचं चित्र’ म्हणून पैसे मोजले होते. ब्लॉकचेनवर होता तो एक वेब पत्ता.

स्टॉर्जचा मार्ग वेगळा आहे. त्याची अपलिंक नावाची लायब्ररी फाइल आपल्याच संगणकावर कुलूपबंद करते, ६४ एमबीच्या भागांत कापते आणि प्रत्येक भागाचे ८० तुकडे बनवून ते जगभरातल्या वेगवेगळ्या यंत्रांवर पाठवते. त्यातले कोणतेही २९ हाती आले की भाग पूर्ण जुळतो. ५१ यंत्रं एकदम बंद पडली तरी बिघडत नाही. हे गणित आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेलं. ओरखडे पडलेली सीडी वाजते आणि कोपरा फाटलेला क्यूआर कोड वाचला जातो तो त्याच्याच जोरावर. या लायब्ररीत अपलोड झाल्यावर ‘कमिट’ ही आज्ञा द्यावी लागते. ती विसरली तर तुकडे गेलेले असूनही फाइल नोंदली जात नाही. ब्लॉकचेनचं काम इथे फक्त यंत्रमालकांचे पैसे चुकते करण्यापुरतं, त्यामुळे काही कट्टर लोक स्टॉर्जला आपल्यात धरत नाहीत. किल्ली आपल्याकडे राहते ही मोठी जमेची बाजू. ती हरवली तर कोणतंही ग्राहक सेवा केंद्र ती परत देऊ शकत नाही, हे ओघानेच आलं.

आयपीएफएस आपण होऊन काहीही कुलूपबंद करत नाही, हे इथेच सांगितलं पाहिजे. ज्याच्याकडे सीआयडी आहे तो फाइल वाचू शकतो, आणि तो सीआयडी जाळ्यात जाहीर झालेला असतो. आधार कार्डाचा स्कॅन, दवाखान्याचे रिपोर्ट, सातबारा असलं काही टाकायचं तर आधी आपल्या हाताने कुलूप लावायचं, मगच ‘अ‍ॅड’ म्हणायचं. एकदा दुसऱ्याने प्रत घेतली की ती मागे घेता येत नाही. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने नागरिकाला आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क दिला आहे. जिथे पुसण्याची सोयच नाही तिथे तो हक्क बजावायचा कसा, याचं उत्तर लायब्ररीत मिळणार नाही. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आरवीव्हमध्ये तर न पुसणं हेच विक्रीचं कारण आहे. एकदाच पैसे भरायचे आणि त्या ठेवीतून पुढचा खर्च भागत राहील असं गृहीत धरायचं. हाँगकाँगचं अ‍ॅपल डेली हे वृत्तपत्र जून २०२१ मध्ये बंद पडताना लोकांनी त्यातले लेख तिथे नेऊन ठेवले. वृत्तपत्राला हे वरदान आहे. कोणाच्या तरी वैद्यकीय अहवालाला नाही.

महाराष्ट्रात हे तंत्र सरकारी टेबलापर्यंत पोहोचलेलं आहे. २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली उपविभागात सुमारे ६५ हजार जातीचे दाखले पॉलिगॉन या ब्लॉकचेनच्या आधारे पडताळता येतील असे देण्याचं काम हाती घेतलं गेलं. क्यूआर कोड स्कॅन करायचा आणि दाखला खरा की बनावट ते पाहायचं. (याच पॉलिगॉनच्या चाचणी जाळ्याचं नाव २०२४ पर्यंत ‘मुंबई’ होतं. जगभरचे प्रोग्रामर आपला कच्चा कोड आधी मुंबईत चालवून पाहत.) असल्या योजनांची कसोटी मी दोन प्रश्नांवर लावतो. दाखला खरा आहे हे कळणं एक, आणि वीस वर्षांनी दाखला हाती मिळणं दुसरं. पहिल्याला ब्लॉकचेनवरचा ३२ बाइटचा ठसा पुरतो. दुसऱ्याला मूळ फाइल कोणीतरी सांभाळावी लागते, आणि सांभाळणाऱ्याला पैसे द्यावे लागतात.

तेव्हा उद्या कोणी तुमच्या संस्थेत येऊन ‘तुमचं सगळं दप्तर ब्लॉकचेनवर कायमचं ठेवून देतो’ म्हणालं, तर त्याला करार दाखवायला सांगा. मुदत किती दिवसांची, नूतनीकरणाचे पैसे कोण भरणार, किल्ली कोणाकडे आणि सीआयडींची यादी तुम्हाला मिळणार का, हे कागदावर लिहून घ्या. आणि तो गेल्यावरही कार्यालयातल्या हार्ड डिस्कवरची प्रत पुसू नका.